दोन मजली केकला वाटेतच पोट का सुटतं? घोळ खड्ड्यांचा कमी, आतल्या थरांचा जास्त

शनिवारी संध्याकाळी डोंबिवली-कल्याणात हे दृश्य हमखास दिसतं. रिक्षात मागे एक बाई, मांडीवर हातभर उंच पुठ्ठ्याचा बॉक्स आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला एकच वाक्य, "दादा, जरा हळू घ्या." बॉक्समध्ये कुणाच्या तरी पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा दोन मजली केक असतो.

माझी मावशी त्यांच्यापैकीच एक. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिला ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका हॉलसाठी तीन किलोच्या केकची ऑर्डर होती. डोंबिवलीतून निघताना केक एकदम फोटोतल्यासारखा. काटई नाका गेला, शीळफाटा गेला आणि मुंब्रा बायपास उतरेपर्यंत खालच्या मजल्याला पोट सुटलं, वरचा मजला एका बाजूला कलला. मावशीने ॲडव्हान्स परत दिला. दोन दिवसांची मेहनत, सामान आणि गाडीभाडं सगळं अंगावर आलं.

घरच्यांनी खापर फोडलं रस्त्यावर. रस्ता तसा आहेच, त्यावर वाद नाही. पण उरलेला केक घरी आणून उभा कापला तेव्हा खरा प्रकार दिसला.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण ऑर्डर देतानाही इथे गोंधळ होतो. थर आणि मजला या वेगळ्या गोष्टी आहेत. स्पंज आडवा कापून मध्ये क्रीम भरतात ते थर, म्हणजे लेअर. असे तीन-चार थर मिळून एक मजला होतो, तो टियर. म्हणजे 'टू टियर' केकच्या पोटात सात-आठ थर असू शकतात.

उंच केकची फॅशन आली ब्रिटनच्या राजघराण्यातल्या लग्नांमधून. १९४७ साली एलिझाबेथच्या लग्नातला केक चार मजली, ९ फूट उंच आणि ५०० पौंडांचा, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या पुढे होता. तो उभा कसा राहिला? कारण तो सुक्या मेव्याने ठासलेला घट्ट फ्रूटकेक होता आणि वरचं आयसिंग वाळून कडक होणारं. आपण आकार तोच उचलला, पण आत घातला मऊ लुसलुशीत स्पंज आणि व्हिप्ड क्रीम. त्यात आपल्याकडे बऱ्याच ऑर्डर एगलेस. अंड्यामुळे स्पंजला जी पकड येते ती दही किंवा कंडेन्स्ड मिल्कमुळे तेवढी येत नाही, म्हणून एगलेस थर लवकर तुटतो.

पहिला घोळ ओव्हनमध्येच होतो. घरच्या ओटीजीत टिनच्या कडा आधी तापतात आणि शिजून बसतात, मधलं बॅटर मात्र फुगत राहतं. परिणाम, मध्ये घुमट. घुमट न कापता त्यावर थर ठेवला की तो डुगडुगतो आणि कडेची पोकळी क्रीमने भरावी लागते. उपाय साधा आहे. ओल्या सुती कापडाची पट्टी टिनला बाहेरून घट्ट गुंडाळायची आणि १६० अंशांवर जरा जास्त वेळ भाजायचं. कडा उशिरा शिजतात, केक सपाट येतो.

मापाचाही एक सापळा आहे. ६ इंची टिनपेक्षा १० इंची टिन दिसायला थोडाच मोठा, पण तेवढ्याच उंचीसाठी त्याला पावणेतीन पट बॅटर लागतं. अंदाजाने दुप्पट केलं की खालचा मजला बुटका होतो, आणि मग ती उंची क्रीमने भरून काढली जाते. मावशीच्या केकमध्ये नेमकं हेच झालेलं. थर बारीक आणि मध्ये बोटभर क्रीम!

कापायची घाई ही दुसरी चूक. गरम स्पंज कापला की चुरा होतो. टिनमधून काढून पूर्ण गार करायचा, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळायचा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी बाजूने सारख्या उंचीवर टूथपिक टोचायच्या आणि दातेरी सुरी त्यांच्यावर टेकवून, केक फिरवत, कडेकडेने आत जायचं. एका दमात आरपार कापायला गेलात तर सुरी मध्ये खाली घसरते आणि थर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतो.

साधारण हिशोब असा: २ सेंटिमीटरचे चार थर आणि त्यांच्यामध्ये ७ मिलिमीटरच्या तीन भरणी. झाला १० सेंटिमीटरचा, म्हणजे ४ इंची मजला. सगळ्यात वरचा थर उलटा ठेवायचा, टिनच्या तळाची गुळगुळीत बाजू वर.

आता भरणी, म्हणजे पोट सुटण्याचं खरं कारण. मँगो क्रशसारखी पातळ भरणी वरून वजन आलं की बाहेर पळते. म्हणून थराच्या कडेने आधी घट्ट क्रीमचा किंवा गनाशचा बांध घालायचा आणि क्रश त्याच्या आतच पसरायचा. सगळे थर लागल्यावर केक काही तास फ्रीजमध्ये बसू द्यायचा. जो काय दबायचा तो तिथेच दबू दे, बायपासवर नको.

उन्हाळ्यात तर क्रीमची निवडच सगळं ठरवते. एप्रिल-मेमध्ये कल्याण-डोंबिवलीत पारा चाळिशीला टेकतो आणि बटर वितळतं ३२ ते ३५ अंशांत. म्हणजे बटरक्रीमचं गणित एसी नसलेल्या गाडीत संपतंच. मावशी आता मे महिन्यात कडेला गनाशच लावते, दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. (अननस हवा असेल तर शिजवलेला किंवा डब्यातलाच घाला. ताज्या अननसातलं एन्झाइम दुधाच्या क्रीममधली प्रथिनं तोडतं, क्रीम कडू लागते.)

उरला वरचा मजला. त्याचं वजन स्पंजवर द्यायचंच नसतं. बिल्डिंगमध्ये स्लॅबचा भार कॉलम घेतात ना, तसंच. खालच्या मजल्यात डॉवेल, म्हणजे लाकडी दांड्या किंवा जाड स्ट्रॉ, तळापर्यंत उभे रोवायचे. सहा इंची मजल्याखाली चार-पाच पुरतात. सगळे अगदी एकाच उंचीचे कापायचे, कारण एक जरी आखूड राहिला तरी मजला त्या बाजूला कलतो. वरच्या मजल्याला स्वतःचा पुठ्ठा हवा, नाहीतर दांड्या सरळ त्याच्या पोटात घुसतात. मावशीने दांड्या घातल्या होत्या, पण खालच्या मजल्याच्या उंचीपेक्षा बोटभर कमी. म्हणजे भार पुन्हा क्रीमवरच.

एवढं करूनही ती आता ठाण्याची ऑर्डर एका बॉक्समध्ये नेत नाही. दोन मजले दोन बॉक्समध्ये, गाडीच्या सीटवर नाही तर खाली सपाट जागेत. जोडणी हॉलवर. सोबत बर्फाच्या डब्यात थोडी क्रीम, सांधे बुजवायला. त्यासाठी ती वेगळे पैसे लावते आणि ऑर्डर घेतानाच विचारते, टेबल कुठे आहे, एसी कधी सुरू होणार. पोचल्यावर केकला हात लावायच्या आधी टेबलावर मोबाईल ठेवून लेव्हल बघते. सॅटिनच्या कापडाखालची फोल्डिंग टेबलं बऱ्याचदा वाकडी असतात. मग हॉलवाल्याकडून पुठ्ठ्याचा तुकडा मागून घ्यायचा आणि पायाखाली सरकवायचा.