दस्त नोंदला, म्हणून खोटं खरं होत नाही

“दस्त रजिस्टर झालाय, आता कोण काय करणार?” जमिनीच्या व्यवहारात हे वाक्य इतक्या खात्रीने येतं की समोरचा गप्पच बसतो. पण दुय्यम निबंधक मालकीचा निवाडा करत नाही. सही करणारा माणूस तोच आहे का, सही त्याला कबूल आहे का, मुद्रांक शुल्क भरलंय का, एवढं तो पाहतो. त्याच्यासमोर जाणूनबुजून खोटं निवेदन केलं किंवा दुसऱ्याच्या नावाने उभं राहिलं, तर १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ८२नुसार सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, ही समजूतही तशीच. विरुद्ध पुरावा येईपर्यंत ती नोंद खरी धरतात, इतकंच.

मला सर्वांत जास्त टोचतं ते वारस नोंदीतलं खोटं. वडील गेल्यावर भाऊ प्रतिज्ञापत्र करतात आणि त्यात बहिणींची नावंच नसतात. “त्यांना लग्नात दिलंय” हे कारण घरात चालतं, कायद्यात नाही. सरकारी अधिकाऱ्यापुढे शपथेवर खोटं सांगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१६खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय भावांनी ती जमीन विकली, तरी बहिणींचा हिस्सा विकला जात नाही. आयुष्याची पुंजी ओतून संपूर्ण गट घेतला असं मानणारा खरेदीदार मग वाटपाच्या दाव्यात अडकतो.

दुसऱ्याची जमीन कुणी आपली म्हणून विकली, तर लोक लगेच ‘बनावट दस्त’ म्हणतात. बिहारमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली इथे बारीक पण मोलाचा फरक केला. विकणाऱ्याने स्वतःच्याच नावाने सही केली असेल, तर त्याचा मालकीचा दावा खोटा असला तरी तेवढ्याने दस्त बनावट ठरत नाही. त्यात फसवणूक होते ती पैसे देणाऱ्याची, म्हणून फसवणुकीची तक्रार खरेदीदाराने करायची. खऱ्या मालकाला आपला हक्क दिवाणी न्यायालयात जाहीर करून घ्यावा लागतो. तोतया मालक उभा करून खोटी सही केली, तर मात्र ते बनावटीकरणच. खरेदीखताच्या बाबतीत त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही असू शकते. ज्याला आपण ‘चारशे वीस’ म्हणतो ते फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४पासून ३१८ झालं, पण सात वर्षांची कमाल शिक्षा तीच राहिली.

“मी खोटं बोललो नाही, फक्त सांगितलं नाही” हा बचावही टिकत नाही. मालकी हक्कातला जो दोष खरेदीदाराला साध्या चौकशीने कळण्यासारखा नाही, तो विक्रेत्याने स्वतःहून सांगायचा असतो; मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ तसं न सांगण्याला कपटच मानतं.

खरेदीखत रद्द करून घेण्याची मुदत साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं असते. ती कधी आणि कशी कळली, याचा कागद त्याच दिवशी जपून ठेवावा.