जुन्या मोटारसायकलीचा मूळ रंग

आमच्या घरी एक जुनी जावा मोटारसायकल आहे. ती आमच्या वडिलांची. म्हैसूरला १९६१ साली जावा गाड्यांचा कारखाना सुरू झाला. तिथे तयार झालेली ही गाडी. पुढे त्याच कारखान्याच्या गाड्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ साली कारखाना बंद पडला. कारखाना गेला, वडीलही गेले. गाडी मात्र गोठ्याच्या पडवीत उभीच होती.

मग एका वर्षी आम्ही भावांनी ठरवले, गाडी पुन्हा चालू करायची. आणि वडिलांच्या वेळी होती तशीच रंगवायची. इंजिनाचे काम मिस्त्रीने करून दिले. त्यात फारशी अडचण आली नाही. अडचण आली ती रंगाची.

आमची चूक कशी झाली ते सांगतो. गाडीचे पत्र्याचे भाग सुटे करून आम्ही तालुक्याला पेंटरकडे नेले. त्याने विचारले, "रंग कोणता द्यायचा?" आम्ही म्हणालो, "होता तोच." तो म्हणाला, "बरं." झाले! आम्ही निर्धास्त घरी आलो. आठ दिवसांनी गेलो, तर टाकी, मडगार्ड, सगळे घासून लख्ख पत्रे करून ठेवलेले. जुन्या रंगाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता. पेंटरने दोन डबे पुढे ठेवले आणि म्हणाला, "यातला कोणता, बघून सांगा."

आता काय सांगणार? थोरला म्हणाला, रंग तपकिरीकडे झुकणारा होता. धाकटा म्हणाला, छे, चांगला लाल होता. घरी येऊन आईला विचारले. आई म्हणाली, "अरे, आगळासारखा होता. पाणी न घातलेलं कोकमाचं दाट आगळ कसं असतं? तसा. उन्हात धरला तर लाल, सावलीत काळपट."

तिघांच्या मनात तीन रंग. आणि खोटे कोणीच बोलत नव्हते. रंग समोर असला की माणूस तो ओळखतो. पण मनात साठवून ठेवायला गेला की तो हळूहळू बदलतो. म्हणून जुन्या गाडीचा रंग आठवणीवर विसंबून ठरवू नये. आणि गाडी घासायला देण्याआधी मूळ रंग शोधून बाजूला काढून ठेवावा. आम्ही नेमके उलटे केले.

मूळ रंग शोधायचा म्हणजे काय? गाडीवर दिसतो तोच रंग नव्हे काय? नव्हे. जुना लाल फेटा सोडून बघा. वरच्या बाजूला कापड विटलेले असते. आतल्या घडीत मात्र तेच कापड लालबुंद असते. ऊन लागले की रंग उडतो. सगळे रंग सारखे उडत नाहीत. लाल पुष्कळदा लवकर फिका पडतो. गाडीचेही तसेच होते. टाकीच्या माथ्यावर वर्षानुवर्षे ऊन पडते. त्या विटलेल्या रंगाशी डबा जुळवलात, तर गाडी नव्याने विटकी रंगवल्यासारखे होईल.

तेव्हा ऊन न लागलेली जागा शोधायची. सीट काढा आणि खाली पाहा. टाकी उतरवून तिच्या पोटाकडे पाहा. नावाची पट्टी किंवा बिल्ला स्क्रूने बसवलेला असेल तर तो काढून त्याच्या मागे पाहा. हत्यारांच्या पेटीचे झाकण आतून पाहा. तिथे तेल आणि धूळ यांचा थर असतो. तो थरच रंगाला सांभाळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुनी गाडी मधल्या काळात कोणी पुन्हा रंगवलेली असू शकते. मग वरचा रंग मूळ नसतो. अशा वेळी आडबाजूला रुपयाएवढ्या जागी बारीक पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हाताने घासावा. एकेक थर उघडा पडत जातो. खोडाच्या कापावर वर्तुळे दिसतात, तशी रंगांची वर्तुळे दिसतात. अगदी आत पत्रा, त्यावर प्रायमर, आणि प्रायमरला लागून जो रंग दिसतो तो कारखान्याचा असण्याचा संभव जास्त. पण कोणी आधी सगळे खरवडून मग रंगवली असेल, तर ही खूणही फसवते. म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहावे. लपलेल्या जागी सगळीकडे तोच रंग आला, म्हणजे खात्री झाली.

गाडीच्या आर. सी. बुकातही रंगाचा रकाना असतो. आमच्या बुकात एकच शब्द होता, 'मरून'. त्याने एवढे कळले की धाकट्याचा लाल रंग बाद. पण मरून म्हणजे नेमका कोणता? मरून रंगाच्या वीस तऱ्हा असतात. नव्या गाड्यांवर पुष्कळदा रंगाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. जुन्यांवर ती सहसा नसते. २०१८ साली जावा हे नाव बाजारात परत आले, नव्या गाड्या निघाल्या. पण नव्या गाडीचा मरून तोच जुन्या गाडीचा मरून, असे धरून चालू नये.

आमचे नशीब बरे. हत्यारांच्या पेटीचे एक झाकण खटका मोडला म्हणून वडिलांनीच कधीतरी काढून माळ्यावर टाकले होते. ते पेंटरकडे गेलेच नव्हते. आईला ते आठवले. झाकण खाली काढले. बाहेरची बाजू गंजली होती. आतली बाजू काळी मेण झालेली. रॉकेलच्या बोळ्याने पुसले, मग साबणाच्या पाण्याने धुतले. तळहाताएवढा तुकडा निघाला. आईने तो दारात उन्हात नेला आणि म्हणाली, "हेच ते आगळ."

आता जुळवायचे कसे?

लुगड्यावर ब्लाउज पीस घ्यायला बायका दुकानात जातात. दिव्याखाली रंग तंतोतंत जुळतो. पण शहाणी बाई कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, उजेडात बघते, आणि परत आत जाऊन म्हणते, "दुसरं दाखवा." तिला कळते की दिव्याचा उजेड फसवतो. का फसवतो? दोन रंग निरनिराळ्या मसाल्यांनी केलेले असले, तर एका उजेडात ते सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे. आपल्या गाडीवरचा जुना रंग आणि आजच्या डब्यातला रंग यांचा मसाला एक नसतोच. म्हणून पेंटरच्या शेडमध्ये ट्यूबखाली जुळलेला रंग खरा मानू नका. सकाळी दहाच्या सुमारास, उघड्यावर पण सावलीत, दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून पाहा. मग थेट उन्हात पाहा. मग संध्याकाळी दिव्याखाली. तिन्ही वेळा जुळले तर खरे.

पाहायला दोघे-तिघे असावेत. काही पुरुषांना जन्मापासूनच लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि त्यांना स्वतःला ते ठाऊकही नसते. बायकांत हा दोष फार कमी आढळतो. म्हणून घरातल्या बाईमाणसाला जरूर विचारा. आमच्याकडे शेवटचा शब्द आईचाच होता.

शहरात रंगाच्या मोठ्या दुकानात रंग मोजणारे यंत्र असते. ते तुकड्यावर टेकवले की कोणकोणते रंग किती घालायचे त्याचा हिशेब निघतो. त्याला सपाट, स्वच्छ, चकचकीत जागा लागते. जुन्या रंगावर पांढुरकी बुरशीसारखी पूड चढलेली असते. रबिंगने हलके घासून ती आधी काढावी, नाहीतर यंत्रही फिका रंगच सांगते. चिंचेने घासल्याशिवाय तांब्याचा हंडा कोणत्या रंगाचा आहे हे कळते का? तसेच हे. यंत्राने काढलेला हिशेब कागदावर लिहून मागा आणि आर. सी. बुकाबरोबर ठेवा.

यंत्र नसले तरी जाणता पेंटर नुसत्या नजरेने रंग मिसळतो. आमच्या पेंटरने तसेच केले. आधी आम्हाला त्याचा राग आला होता. पण हे काम करताना त्याला पाहिले आणि राग गेला. लाल रंगात तो काळा रंग काडीने थेंब-थेंब सोडायचा. फिक्यात गडद घालायचे, गडदात फिके नव्हे. काळ्याच्या चार थेंबांनी अख्खा डबा बदलतो. तो परत लाल करायला दुसरा डबा ओतावा लागतो. आमटीत मीठ जास्त पडल्यावर जशी गत होते तशी.

मिसळलेला रंग डब्यात जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. भिंतीला चुना लावता तेव्हा ओला चुना कसा दिसतो? राखाडी, पारदर्शक. वाळल्यावर पांढराफेक होतो. गाडीचे रंगही वाळल्यावर थोडे बदलतात, पुष्कळसे गडद होतात. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर नमुना करायचा. गाडीला जो प्रायमर लावणार तोच नमुन्याला लावा. लाल जातीच्या रंगातून खालचा थर थोडा दिसतो. राखाडी प्रायमरवर तो एक दिसतो, पांढऱ्यावर दुसरा. गाडीवर जेवढे हात देणार तेवढेच हात नमुन्यावर द्या. पूर्ण वाळू द्या. चकाकी देणार असाल तर तीही नमुन्यावर द्या, कारण ओल्या फरशीसारखी चकचकीत वस्तू गडद दिसते आणि कोरडी वस्तू फिकी. एवढे केल्यावरच झाकण शेजारी धरा. आमचे तीन नमुने फुकट गेले. चौथा जुळला.

सगळ्या गाडीला पुरेल एवढा रंग एकाच वेळी मिसळून घ्या. टाकी आज आणि मडगार्ड पुढच्या महिन्यात, नव्या डब्याने, असे करू नका. दोन डबे कधी तंतोतंत सारखे होत नाहीत.

टाकीवरच्या सोनेरी रेषांचेही भान ठेवावे. बुलेटच्या मद्रासच्या कारखान्यात टाकीवरच्या अशा रेषा कसबी कारागीर कुंचल्याने हातानेच काढत आले. घासण्याआधी पातळ कागद ठेवून रेषांची जागा आणि जाडी उतरवून घ्या. हल्ली घरात मोबाइल असतो. चारही बाजूंनी फोटो काढा. फोटोवरून रेषेची जागा कळते. रंग मात्र फोटोवरून जुळवू नका, तो बदललेलाच येतो.

आता कायद्याचे. आर. सी.वर जो रंग लिहिलेला आहे त्याहून वेगळा रंग दिलात, तर आर. टी. ओ. कचेरीत तशी नोंद करून घ्यावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासतात. मूळ रंगच ठेवला तर हा घोळ उरत नाही. बुलेटला लष्करी हिरवा रंग द्यायची हौस पुष्कळ तरुणांना असते. तो ऑलिव्ह हिरवा रंग सैन्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांतला १२१ वा नियम तसे सांगतो. चेसिसवर ठोकलेला नंबर घासू देऊ नका. त्यात लांबीही भरू देऊ नका. तो वाचता आला नाही तर गाडी तुमची कशावरून?

टाकी रंगवायला देताना पेट्रोल पूर्ण काढा आणि टाकी उघडी ठेवून वारा लागू द्या. रिकाम्या टाकीतली वाफसुद्धा ठिणगीने भडकते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे. पोरांना तिथून लांब ठेवावे. हल्ली पीयू नावाचा रंग वापरतात. तो पेट्रोलने खराब होत नाही, टिकतोही पुष्कळ. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवाऱ्यातून ते छातीत गेले तर दमा जडतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. अशा फवाऱ्यासाठीचा योग्य मास्क लागतो आणि हवा खेळती लागते. आमचा पेंटर रुमालच बांधत होता. रंगाच्या डब्याबरोबर आम्ही त्याला मास्क आणून दिला. दोन दिवस त्याने तो खुंटीला अडकवून ठेवला. मग त्याच्या बायकोने सांगितल्यावर घालू लागला.

गाडी घरी आली ती दिवाळीच्या आधी. उरलेला रंग आम्ही काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून ठेवला आहे. ओरखडा गेला तर उपयोगी पडेल. ते मोडके झाकण दुरुस्त करून बसवले. त्याची बाहेरची बाजू नवी रंगवली. आतला तळहाताएवढा तुकडा मात्र रंगवू दिला नाही. तो तसाच आहे, वरून थोडे तेल पुसून ठेवलेला.