एक ढांग, सदतीस वर्षे

टानबाख हा ओढा इतका अरुंद आहे, की धडधाकट माणसाने एक ढांग टाकली तर तो पलीकडे पोचतो. म्योडलारॉइट गावाच्या माणसांना मात्र ही ढांग टाकण्यासाठी ३७ वर्षे वाट पाहावी लागली.

जर्मनीतले हे खेडे जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीचे. शेतकऱ्यांची थोडी घरे, गोठे आणि मधून वाहणारा हा ओढा. १८१० साली ओढ्याच्या कडेने हद्दीचे दगड रोवले गेले. एका अंगाला बव्हेरियाचे राज्य, दुसऱ्या अंगाला रॉइस घराण्याचे छोटे संस्थान. त्या दगडांचा गावाला फारसा जाच नव्हता. शाळा आणि खानावळ एका काठावर. प्रार्थनेला मात्र सगळ्यांनी बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावी जायचे. राजे गेले, संस्थाने गेली, रॉइसचा मुलूख थुरिंगियात विलीन झाला, तरी गावाचा संसार एकच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच दगडांना जीव आला. थुरिंगिया रशियनांच्या वाट्याला, बव्हेरिया अमेरिकनांच्या. १९४९ मध्ये दोन जर्मनी झाले आणि ओढा दोन देशांची सरहद्द बनला. तरीही काही काळ परवाना दाखवून ये-जा होत असे. मे १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने सीमा आवळली. दहा मीटरचा नांगरलेला पट्टा, पाचशे मीटरची संरक्षित पट्टी, पाच किलोमीटरचा प्रतिबंधित टापू! पुढच्याच महिन्यात सरहद्दीवरच्या ‘अविश्वासू’ कुटुंबांना घरांतून उठवून आत हलवले गेले. थुरिंगियातल्या या मोहिमेचे सांकेतिक नाव होते ‘कीड’. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदलेल्या माणसांसाठी सरकारला हाच शब्द सुचावा!

आधी लाकडी कुंपण आले, मग काटेरी तारा, आणि १९६६ साली ७०० मीटर लांबीची, ३.३ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले. पण बर्लिन महानगर होते, तिथे अनोळखी माणसांत मिसळून जाता येत असे. इथे पलीकडच्या अंगणात कोण उभे आहे, हे सगळ्यांना ठाऊक, आणि पूर्वेकडच्याने नुसता हात हलवायलाही बंदी. पश्चिमेकडचे हात हलवीत, उत्तर येत नसे. मे १९७३ मध्ये सीमेलगत जाण्याचा परवाना असलेला एक माणूस शिडी लावून भिंतीपलीकडे निसटला. पश्चिमेकडून बघ्यांची रीघ मात्र लागायची. १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश हेही भिंत पाहून गेले.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटला आणखी एक महिना थांबावे लागले. ९ डिसेंबरला भिंतीत पायी जाण्यापुरती वाट झाली. १७ जून १९९० रोजी, म्हणजे १९५३ च्या पूर्व जर्मनीतल्या उठावाच्या स्मृतिदिनी, बुलडोझर लावून भिंत पाडायला सुरुवात झाली.

सगळी मात्र पाडली नाही. सुमारे शंभर मीटर भिंत आणि टेहळणीचा मनोरा ठेवून तिथे संग्रहालय केले. ज्यांच्या दारासमोर ती इतकी वर्षे उभी होती, त्यांनी ती यापुढेही रोज पाहावी, हे मागणे लहान नव्हे. पण सगळी भिंत गेली असती, तर पुढच्या पिढीला ही गोष्ट दंतकथा वाटली असती. ठेवली ते बरे झाले, असे आपले मला वाटते.

गंमत म्हणजे गाव अजूनही एक झालेले नाही. एक काठ बव्हेरियातल्या ट्योपेनकडे, दुसरा थुरिंगियातल्या गेफेलकडे. पिनकोड दोन, महापौर दोन. नमस्काराचे शब्दही वेगळे: इकडे ‘ग्र्युस गॉट’, तिकडे ‘गुटन टाग’. ३१ ऑक्टोबरला ओढ्याच्या थुरिंगियन काठावर धर्मसुधारणा दिनाची सुट्टी असते आणि पलीकडचे कामाला जातात. दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी बव्हेरियन काठावर, आणि कामाला जातात ते अलीकडचे.