उसापासून पेट्रोलपर्यंत

१९९८ सालीं धुळ्यापासून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत ना तेलाची विहीर, ना मोटारींचा कारखाना. तथापि अरबस्तानांत तेलाचा भाव चढला कीं त्याची झळ शहाद्याच्या उसाला आणि नंदुरबारच्या मिरचीला लागल्यावांचून राहत नाहीं.

१९७३ च्या अखेरीस पिंपामागें सुमारें तीन डॉलर असलेला भाव कांहीं महिन्यांतच साडेअकरांवर गेला, तेव्हां परदेशांतील कारखानदारांनीं गाड्या हलक्या व इंजिनें लहान केलीं. भारत आपल्या गरजेपैकीं शेंकडा ८५ हून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो. म्हणून येथें आणखी एक वाट काढण्यांत आली. ती पेट्रोलांत मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळण्याची. कल्पना जुनीच. १९४८ सालीं तिच्यासाठीं कायदाहि झाला होता; पुढें तेल स्वस्त राहिलें आणि तिचा विसर पडला. २००१ सालीं मिरज व खानदेशाच्या वेशीवरील मनमाड येथें प्रयोग झाले. मिश्रणाचें प्रमाण २०२२ सालीं शेंकडा १० वर व २०२५ सालीं २० वर पोहोंचलें.

एक टन उसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल निघतें. साखरेचा भाव पडला तरी ऊसवाल्याला दुसरें गिऱ्हाईक मिळतें, हा लाभ खरा. पण हा सौदा फुकटचा नव्हे. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें उसाच्या एक लिटर इथेनॉलमागें सुमारें २८६० लिटर पाणी खर्च होतें. तापीकांठच्या बागाइतदाराला हें जमेल. सातपुड्याच्या उतारावर पावसाच्या भरंवशावर ज्वारी पेरणाऱ्याला तें कोठून साधावें?

शिवाय लिटरभर इथेनॉलांत पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच उष्णता असते. त्यामुळें वीस टक्के मिश्रणाची शक्ति शेंकडा सहा-सातांनीं घटते. इथेनॉल पाणी शोषतें व कांहीं जातींचें रबर बिघडवितें. म्हणून एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांत त्याला टिकणारे भाग घालण्यांत आले. धडगांवच्या घाटांत जुनी गाडी हांकणाऱ्याच्या वांट्याला मात्र ही सुधारणा येत नाहीं.

आणि ही सारी सोय पेट्रोलपुरतीच. मिरचीचीं पोतीं वाहणारी मालमोटार डिझेल पिते. डिझेल महागलें कीं भाडें वाढतें व तें बहुधा शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापलें जातें. सुरत-भुसावळ लोहमार्ग नंदुरबारवरून जातो खरा, परंतु शेतापासून स्थानकापर्यंत पुन्हा मोटारच लागते.