घरचा वॉफल, आटोक्यातली साखर

पिंपरी-चिंचवडमध्ये मुलांच्या खाऊत आता वॉफलही आला आहे. चाकण, भोसरीतून शिफ्ट संपवून घरी परतणाऱ्या आईवडिलांकडे मुले तोच मागतात. वॉफल घरी करण्याचा खरा फायदा म्हणजे त्यातली साखर आपल्या हातात राहते.

साखर, गूळ, मध मिळून प्रौढांनी दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. मुलांसाठी मर्यादा याहून कमी. वॉफलवर ओतलेल्या दोन मोठ्या चमचे मधातच सुमारे ३५ ग्रॅम साखर असते!

एक वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचे पीठ, वाटीभर आंबटसर दही, दोन चमचे वितळलेले लोणी, चिमूटभर मीठ आणि गोडीसाठी कुस्करलेले केळे घ्या. दूध घालून इडलीच्या पिठाइतके सैल करा. फार घोटू नका; गव्हातील ग्लुटेनमुळे वॉफल चिवट होतो. पाव चमचा सोडा अगदी शेवटी घाला. दह्यातील आम्लाशी संयोग होताच कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने वॉफल हलका होतो.

साचा आधी तापवा. वाफ कमी होईपर्यंत उघडू नका. तयार वॉफल जाळीवर ठेवा. एकावर एक रचल्यास वाफेने मऊ पडतात.

नाचणीतून कॅल्शियम मिळते, पण पिष्टमय पदार्थही असतातच. त्यामुळे मधुमेहींनी अर्ध्या वॉफलवर थांबावे. सोबत दाणे किंवा घट्ट दही घ्यावे.