संघाच्या कॉम्प्युटरला केवढा युपीएस लागतो?

ताईंनो, मागच्या महिन्यात लाईट गेली आणि लेखापाल ताईंनी तासभर भरलेला कर्जप्रस्ताव डोळ्यांदेखत गेला. युपीएस होता की, पण तोही ओरडून लगेच बंद पडला. बैठकीत सगळ्या म्हणाल्या, नवा मोठाच घेऊ. दुकानदाराने कॉम्प्युटरच्या डब्यामागचं ४५० वॅट वाचलं आणि ११०० व्हीएच्या युपीएसचं कोटेशन दिलं. ठराव लिहायच्या आधी मी म्हटलं, थांबा, आधी मोजू.

डब्यावरचे ४५० म्हणजे जास्तीत जास्त. घरात पन्नास माणसांचं पातेलं आहे म्हणून आपण रोज पन्नास माणसांचा भात लावत नाही, तसंच आहे हे. खरा खप मीटर सांगतं. ऑफिसातलं बाकी सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर आणि स्क्रीन चालू ठेवली. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, तिथेच ३२०० लिहिलंय (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल, तो बघा). म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एकीने घड्याळ धरलं, दोघींनी मोजलं. पाच मिनिटांत ३२ वेळा. तासाचे झाले ३८४. त्याला ३२०० ने भागलं, ०.१२ युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, म्हणून आपला खप १२० वॅट!

युपीएसवर व्हीए मोठ्या अक्षरात असतात, वॅट बारीक अक्षरात. आपल्याला बघायचे ते वॅट. आपल्या जुन्या ६०० व्हीएवर ३६० वॅट आहेत. १२० वर पाव भाग जास्त धरला तरी १५०. म्हणजे जुनाच भरपूर होता.

मग बंद का पडला? लेझर प्रिंटर! तो गरम होताना थोडा वेळ हजार वॅटपर्यंतसुद्धा ओढतो, आणि त्याची पिन युपीएसच्याच बोर्डात होती. शिवाय बॅटरी तीन वर्षं जुनी. प्रिंटर भिंतीच्या सॉकेटला लावला, फक्त बॅटरी बदलली. ११०० चं कोटेशन परत.

एक मात्र लक्षात ठेवा. लाईट गेल्यावर नवी बॅटरी पंधरा-वीस मिनिटंच चालेल. तेवढ्यात फाईल सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करायचा. लोडशेडिंगभर काम करायचं असेल तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो, तो खर्च वेगळा, त्यावर बैठकीत बोलू.

बोर्डावर "इथे प्रिंटर लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती कुणी काढू नका.