'ॲट' या इंग्रजी अव्ययाचा अर्थ

इंग्रजीतील 'ॲट' नामापूर्वी येते. मराठीत त्याचे कार्य बहुधा नामास जोडलेला विभक्तिप्रत्यय करतो. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील बुटीबोरीचे उदाहरण घेऊ. 'गाडी बुटीबोरीला थांबते' येथे गाव हा मार्गावरील केवळ एक बिंदू होय, म्हणून 'ॲट'. 'बुटीबोरीत कारखाने आहेत' येथे गावाचा विस्तार अभिप्रेत आहे, म्हणून 'इन'. 'मी बुटीबोरीला जातो' येथे गंतव्य सांगावयाचे आहे, म्हणून 'टू'. 'ला' हा प्रत्यय दोन्ही ठिकाणी एकच असल्यामुळे विद्यार्थी 'स्टॉप्स टू बुटीबोरी' असे लिहून फसतो. स्थिती व गती यांतील हा भेद मराठीत क्रियापदावरून कळतो. इंग्रजीत तो अव्ययानेही दाखवावा लागतो. यास्तव भाषांतरकाराने प्रत्ययाआधी क्रियापद पाहावे, हे इष्ट.